एमआरआय नॉर्मल आला, झटके थांबले नाहीत

जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची कुटुंबं पेशंटला घेऊन छत्रपती संभाजीनगरला येतात ती बहुतेकदा एका आशेनं: मोठ्या मशीनमध्ये डोकं तपासलं की काय ते एकदाचं कळेल. पोरीला दोन-तीन महिने झटके येत असतात. जवळच्या डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या सुरू केलेल्या असतात, गोळ्या वाढलेल्या असतात, झटके तसेच असतात. मग उसनेपासने करून एमआरआय होतो, संध्याकाळी रिपोर्ट हातात पडतो आणि त्यावर लिहिलेलं असतं, नॉर्मल. खरी पंचाईत तिथून सुरू होते. घरात दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, डोक्यात काही निघालं नाही म्हणजे सोंग आहे. कामाचा नाहीतर अभ्यासाचा कंटाळा. दुसऱ्याचं म्हणणं, मशीनला सापडत नाही म्हणजे बाहेरचं आहे.

एकमेकांशी भांडणारे हे दोन्ही तट एकच गोष्ट गृहीत धरून बसलेले असतात, की एमआरआयला जे दिसलं नाही ते मेंदूत घडतच नाही. तसं नसतं. स्कॅनकडून काय मिळतं, काय मिळत नाही आणि नॉर्मल रिपोर्ट आल्यावर पुढं कुठं जायचं, एवढं नीट कळलं तर या आजारात वाया जाणारी वर्षं वाचतात. वर्षं हा शब्द मी मुद्दाम वापरला. जर्मनीतल्या बॉनच्या डॉक्टरांनी 2002 साली आपल्या पेशंटांचा हिशोब मांडला तेव्हा पहिला झटका आणि योग्य निदान यांच्यात सरासरी सात वर्षांहून जास्त काळ गेलेला आढळला. तो सगळा काळ बहुतेकांनी अपस्माराच्या, म्हणजे ज्याला आपण फेपरं किंवा मिरगी म्हणतो त्या आजाराच्या, गोळ्या खाण्यात घालवला होता.

या झटक्यांना आज डॉक्टर फंक्शनल सीझर म्हणतात. तुमच्या फाईलमध्ये पीएनईएस, डिसोसिएटिव्ह किंवा कन्व्हर्जन असंही लिहिलेलं असू शकतं. जुन्या कागदांवर हिस्टेरिया. अपस्मारात मेंदूतल्या पेशींचे गट एकाच वेळी बेफाम विद्युत संदेश सोडू लागतात आणि त्यातून झटका येतो. फंक्शनल झटक्यात असा विद्युत स्फोट नसतो. बाहेरून मात्र बरंचसं तसंच दिसतं: माणूस पडतो, हातपाय थरथरतात, दातखीळ बसते, हाक मारली तर ओ देत नाही. आणि हे तो मुद्दाम करत नाही. अपस्मारासाठी खास केंद्रांत, दिवसरात्र तपासणीला दाखल होणाऱ्यांपैकी 20 ते 40 टक्के लोकांना शेवटी फंक्शनल झटके असल्याचं निघतं, म्हणजे हे काही दुर्मीळ प्रकरण नव्हे. बायकांमध्ये प्रमाण जास्त, पण पुरुषांना, शाळकरी मुलांनाही हा आजार होतो. गुंता वाढवणारी आणखी एक गोष्ट: काहींना अपस्मार आणि फंक्शनल झटके दोन्ही असतात.

स्कॅन कशासाठी असतो

गावाकडं सीटी स्कॅनला डोक्याचा फोटो म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. सीटी काय, एमआरआय काय, दोन्ही मेंदूची रचना दाखवतात: गाठ आहे का, जुना मार आहे का, रक्तस्राव, सूज, जन्मापासूनचा एखादा दोष आहे का. शहराचा नकाशा कितीही बारकाईनं काढला तरी संध्याकाळी सात वाजता क्रांती चौकात वाहनं कशी तुंबतात ते त्यात दिसणार नाही. फंक्शनल झटका हा वाहतुकीतला घोटाळा आहे, रस्ते जागच्या जागी असतात.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही डॉक्टरांच्या खोलीत शिरण्याआधी डोक्यात पक्क्या असाव्यात. पहिली, एमआरआय नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असं ठरत नाही. अपस्माराच्या कितीतरी पेशंटांचा एमआरआय अगदी स्वच्छ असतो. दुसरी गोष्ट आपल्या भागात जास्त महत्त्वाची आहे. एमआरआयमध्ये काहीतरी निघालं म्हणून झटके त्यामुळंच येतात, असंही ठरत नाही. न्यूरोसिस्टिसर्कोसिस, म्हणजे पट्टकृमीच्या अळीची मेंदूतली गाठ, आपल्या देशात फिटचं मोठं कारण आहे. अळी मरून गेल्यावर कधी कधी तिथं चुन्याचा बारीक ठिपका उरतो. क्षयाच्या जुन्या गाठीचंही तसंच. असा ठिपका काहींच्या डोक्यात आयुष्यभर निमूट पडून असतो. पण रिपोर्टवर तो दिसला की घरच्यांना हायसं वाटतं, ‘सापडलं एकदाचं’. कधी डॉक्टरांनाही वाटतं. मग झटक्यांचं रूप त्या ठिपक्याशी जुळतं का, हा प्रश्न मागं पडतो आणि गोळ्यांवर गोळ्या चढत जातात. तुमच्या रिपोर्टवर ठिपका, डाग, सिस्ट असं काही असेल तर थेट विचारा: ‘डॉक्टर, हिला जसा झटका येतो तसा या जागेमुळं येऊ शकतो का?’

तरीही पहिला एमआरआय करावाच. झटके नव्यानं सुरू झालेल्या माणसात गाठ, संसर्ग, रक्तवाहिनीचा दोष हे वगळल्याशिवाय पुढं जाणं धोक्याचं असतं. फक्त तो एकदा आणि नीट करावा. आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेनं 2019 साली फिटच्या पेशंटसाठी एमआरआय कसा काढावा याचा एक ठरावीक साचा सुचवला. त्यात सुमारे एक मिलिमीटर जाडीचे, सलग त्रिमितीय छेद घेतात, म्हणजे कानशिलाच्या आतल्या हिप्पोकॅम्पससारख्या नाजूक भागातला बारीक दोष निसटत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ असं लिहून घ्या आणि सेंटरला फोन करताना तेच शब्द सांगा. नुसता ‘ब्रेन एमआरआय’ केला आणि नंतर तो पुरेसा नाही म्हणून दुसरा करावा लागला, तर पैसे दोनदा जातात. काम झाल्यावर रिपोर्टच्या कागदावर समाधान मानू नका, सीडी किंवा फिल्म मागून घ्या. पुढच्या डॉक्टरांना चित्र बघायचं असतं. दुसऱ्यानं चित्राबद्दल काय लिहिलं ते त्यानंतर.

तपासणीच्या दिवसाबद्दल थोडं. एमआरआय म्हणजे प्रचंड ताकदीचं चुंबक, त्यामुळं मंगळसूत्र, नथ, पैंजण, केसातल्या पिना, साडीला लावलेल्या सेफ्टी पिना सगळं बाहेर ठेवावं लागतं. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी आणि पाटल्या आदल्या रात्री साबण लावून सैल करून ठेवा. ऐन वेळी निघाल्या नाहीत म्हणून नंबर जातो. पेसमेकर, कानातलं कॉक्लियर यंत्र, मेंदूत बसवलेली क्लिप असेल तर आधी सांगायचं. वाळूजला किंवा चिकलठाण्याला ग्राइंडिंग, वेल्डिंगचं काम केलेल्या माणसानं डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का ते आठवून सांगावं, कारण चुंबकात तो कण हलू शकतो. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर तेही. आत अर्धा-पाऊण तास आडवं पडायचं असतं, जागा अरुंद, आवाज धडाधड. ज्याला फंक्शनल झटके येतात त्याला इथं झटका येण्याची शक्यता असते, म्हणून टेक्निशियनला आधीच कल्पना द्या. हातात घंटीचा फुगा देतात, तो दाबला की बाहेर काढतात. नातेवाइकाला सोबत थांबू देतात का, तेही विचारून बघा.

आणि एक स्वस्त तपासणी जी गर्दीत राहून जाते: ईसीजी. हृदयाचे ठोके अचानक बिघडून माणूस कोसळला की दोन-चार झटके हातापायाला येऊ शकतात आणि बघणाऱ्याला ती फिटच वाटते. मेंदूचा महागडा स्कॅन झालेला आणि छातीची पट्टी मात्र काढलेली नाही, असं होऊ देऊ नका.

निदान झटक्यातूनच निघतं

मग निदान होतं कशानं? झटका प्रत्यक्ष बघून. सगळ्यात पक्की पद्धत म्हणजे व्हिडिओ ईईजी: डोक्यावर तारा, समोर कॅमेरा आणि झटका येईपर्यंत वाट बघणं, कधी काही तास, कधी काही दिवस. शरीर थरथरतंय आणि त्याच क्षणी ईईजीत अपस्माराची खूण नाही, असं दोन्ही एकत्र टिपलं आणि अनुभवी डॉक्टरनं ते आधीच्या हकिकतीशी ताडून पाहिलं, की निदान जवळजवळ निर्विवाद होतं. काही ठिकाणी जोरात श्वास घ्यायला लावून, लुकलुकता दिवा दाखवून तास-दोन तासांतच झटका येतो का ते पाहतात. असं करताना पेशंटला सगळं खरं सांगितलं पाहिजे, फसवून नव्हे, हे माझं ठाम मत आहे. ज्याला आधीच ‘नाटक करतोस’ हे शंभरदा ऐकवलेलं आहे त्याला दवाखान्यातही गंडवलं तर पुढचे उपचार तो कुणाच्या भरवशावर घेणार?

ईईजीला जाताना आदल्या दिवशी केस शाम्पूनं धुवा आणि तेलाचा थेंबही लावू नका. तेलकट डोक्यावर तारा चिकटत नाहीत. झोप किती घ्यायची ते सेंटर सांगेल तसं. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. साधा वीस-तीस मिनिटांचा ईईजी झटका नसताना काढतात, त्यामुळं तो नॉर्मल आला तरी त्यावरून अपस्मार नाही असं म्हणता येत नाही. उलट, किरकोळ लहरींना कुणी चुकून अपस्माराची खूण ठरवलं आणि तो शिक्का फाईलवर कायमचा बसला, असंही पुष्कळदा होतं.

व्हिडिओ ईईजी प्रत्येक जिल्ह्यात नाही. पण अपस्मार संघटनेच्याच तज्ज्ञगटानं 2013 साली निदानाच्या चार पायऱ्या आखून दिल्या, शक्य ते सिद्ध अशा चढत्या क्रमानं. त्यातली एक पायरी अशी: डॉक्टरनं झटक्याचं चित्रण पाहिलं, ते फंक्शनल झटक्यासारखं दिसलं आणि साध्या ईईजीत अपस्माराची खूण नाही, तर निदान ‘संभाव्य’ धरून पुढं सरकता येतं. म्हणजे भोकरदन नाहीतर सिल्लोडच्या घरात तुमच्या खिशात असलेला मोबाइल हे निदानाचं साधन आहे. झटका आला की एकानं पेशंटकडं बघावं आणि दुसऱ्यानं मोबाइल सुरू करावा. सुरुवातीपासून शुद्धीवर येईपर्यंत सगळं एकसलग. चेहरा दिसला पाहिजे, डोळे दिसले पाहिजेत, मग पूर्ण अंग. उजेड लावा. मध्येच नावानं हाक मारा, प्रतिसाद कसा येतो ते टिपलं जाईल. घड्याळाची वेळ बोलून ठेवा. आणि ते चित्रण नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचं नाही, ते डॉक्टरांसाठी आहे.

डॉक्टर त्यात काय बघतात ते थोडक्यात सांगतो. अपस्माराच्या मोठ्या झटक्यात डोळे बहुधा उघडे असतात, झटका साधारण दोन मिनिटांत आटोपतो, जीभ चावलीच तर कडेला. फंक्शनल झटक्यात डोळे मिटलेले, कधी घट्ट. हालचाल कमी होते, थांबते, पुन्हा वाढते. डोकं दोन्ही बाजूंना हलतं. झटका बराच वेळ चालतो. मध्येच रडू येतं. लघवी होणं किंवा लागणं-खरचटणं यावरून मात्र काही ठरत नाही, दोन्हींत होतं. हे वाचून घरातच निकाल लावायला बसू नका. मेंदूच्या पुढच्या भागातून निघणारे अपस्माराचे काही झटके इतके विचित्र दिसतात की बघणारा सोंगच म्हणेल, आणि डोक्यावरच्या तारांनाही ते कधी कधी सापडत नाहीत. एकट्या खुणेवर कुणीच निदान करत नाही.

मेंदूत काय चाललेलं असतं

एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तां शार्को हा त्या काळचा सर्वांत नामवंत मेंदूतज्ज्ञ होता. मल्टिपल स्क्लेरोसिससारखे आजार त्यानं मृत्यूनंतर मेंदू आणि मज्जारज्जू तपासून, जखम नेमकी कुठं आहे ते दाखवून उलगडले. हिस्टेरियाच्या झटक्यांत मात्र त्याला जखम सापडेना. जखम आहे, पण ती रचनेत नसून चालण्यात आहे, असा तर्क त्यानं केला. तपासायला साधन नव्हतं. शिष्यांपैकी काहींनी मग सूचनेच्या प्रभावाकडं बोट दाखवलं, काहींनी मनाकडं. 1885-86 च्या हिवाळ्यात त्याच्याकडं शिकायला आलेला फ्रॉइड मनाकडं गेला. पुढची शंभर वर्षं हा आजार न्यूरॉलॉजीच्या दारातून मानसोपचाराच्या दारात आणि परत, असा ढकलला गेला. आपल्या ओपीडींतही हा खो-खो चालतोच.

1990 मध्ये सेइजी ओगावा यांनी रक्तातल्या ऑक्सिजनच्या फरकावरून चालत्या मेंदूचं चित्र घेता येतं हे दाखवलं. त्यातून फंक्शनल एमआरआय आला. मशीन जवळपास तेच, पण आता पेशंटला काहीतरी करायला सांगून किंवा नुसतं पडून राहायला सांगून मेंदूचे कोणते भाग एकत्र काम करतात ते मोजता येतं. 2012 साली नेदरलँड्समधल्या एका गटानं फंक्शनल झटके असलेल्या 11 जणांची 12 निरोगी लोकांशी तुलना केली. पेशंटांमध्ये भावनेशी संबंधित इन्सुला हा भाग आणि हालचाल घडवणारा पट्टा यांच्यातला दुवा जास्त घट्ट आढळला. ज्यांना आपल्यापासून तुटल्यासारखं, बधिर वाटण्याचा अनुभव जास्त, त्यांच्यात हे दुवे आणखी पक्के. मधल्या नियंत्रणाला वळसा घालून भावनेची लाट थेट हातापायात उतरत असावी, असा त्याचा अर्थ संशोधक लावतात.

‘सोंग’ म्हणणाऱ्यांना दाखवावा असा प्रयोग त्याआधी, 2010 मध्ये अमेरिकेत झाला. तो झटक्यांचा नाही, याच कुळातल्या फंक्शनल कंपाचा आहे. आठ पेशंटांना मशीनमध्ये ठेवून आपोआप येणारा कंप आणि त्यांनीच मुद्दाम केलेला तसाच कंप, दोन्हींची चित्रं घेतली. हात सारखाच हलत होता, मेंदूतलं चित्र वेगळं होतं. ‘हे मी करतोय’ ही जाणीव तयार करण्यात ज्याचा वाटा मानला जातो, तो कानामागच्या बाजूचा उजवा भाग आपोआप आलेल्या कंपाच्या वेळी मंद होता. पेशंट ‘मी करत नाही, होतं’ असं सांगतो तेव्हा त्याचा मेंदूही तेच सांगत असतो.

आणखी एक धागा अमेरिकेतल्या अलाबामाच्या बर्मिंगहॅममधला. तिथले संशोधक पेशंटला मशीनमध्ये घड्याळ लावून गणितं सोडवायला देतात आणि वर ‘चुकलं’ असंही ऐकवतात, म्हणजे ताण आल्यावर मेंदू कसा वागतो ते दिसावं. उपचारांनंतर पुन्हा तसंच मोजून काय बदललं ते बघण्याकडंही तिथं काम चाललं आहे. स्कॅन पाहून कुणाला कोणता उपचार लागू पडेल ते आधीच सांगता यावं, तिथवर पोचण्याचं स्वप्न आहे.

पण ते आज झालेलं नाही आणि ग्राहक म्हणून तुम्ही इथंच सावध राहायचं. वरची सगळी निरीक्षणं गटांच्या सरासरीची आहेत. एका माणसाचा फंक्शनल एमआरआय, पेट किंवा स्पेक्ट स्कॅन करून ‘याला फंक्शनल झटके आहेत’ असं आज कुणीही सांगू शकत नाही. निदानासाठी म्हणून कुणी असा स्कॅन सुचवला तर ‘यानं उपचारात काय बदलेल?’ असं विचारा. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी अशा स्कॅनना जागा आहे, संशोधनात आहे. तुमच्या खिशातून निदानासाठी नाही.

उपचार

उपचाराची सुरुवात निदान नीट समजावून सांगण्यापासून होते, आणि संशोधनातल्या त्या चित्रांचा खरा उपयोग मला इथं दिसतो. ‘काही नाही, टेन्शन आहे’ म्हणून फाईल परत करणारा डॉक्टर आणि ‘झटके खरे आहेत, मेंदूतून येतात, अपस्माराचे नाहीत, आणि कमी होऊ शकतात’ असं पाच मिनिटं बसून सांगणारा डॉक्टर, यांच्या पेशंटांच्या वाटा तिथंच वेगळ्या होतात. हे नीट ऐकल्यावरच काहींचे झटके विरळ होतात.

फिटच्या गोळ्या या झटक्यांवर चालत नाहीत. तरी त्या एका दिवसात बंद करायच्या नाहीत. अपस्मारही सोबत नाही याची खात्री करून न्यूरॉलॉजिस्ट त्या हळूहळू उतरवतात. लग्नाच्या किंवा बाळंतपणाच्या वयातल्या मुलीला सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर हा विषय पुढच्याच भेटीत काढा, कारण गर्भावर त्याचे परिणाम गंभीर असतात आणि गरज नसताना ते घेण्याला काहीच अर्थ नाही.

मुख्य उपचार बोलण्याचे आहेत. ब्रिटनमध्ये 368 प्रौढांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्यांना नेहमीच्या वैद्यकीय देखभालीसोबत वर्तन-विचार पद्धतीच्या 12 बैठका दिल्या. प्रामाणिकपणे सांगायचं तर वर्षअखेरीस महिन्याच्या झटक्यांच्या संख्येत दोन गटांत ठोस फरक निघाला नाही. पण बैठका घेतलेल्यांना झटक्यांचा जाच कमी वाटत होता, झटक्याविना सलग जाणारे दिवस वाढले होते, रोजचं जगणं सुधारलं होतं. जादू नाही, पण हातात धरण्यासारखं आहे.

बैठकीत काय होतं? बऱ्याच पेशंटांना झटक्याआधी काही सेकंद किंवा मिनिटं खुणा मिळतात: छातीत धडधड, हाताला मुंग्या, आवाज लांबून आल्यासारखे, डोकं हलकं. त्या खुणा ओळखायला शिकवतात आणि त्या क्षणी लक्ष बाहेर खेचायला: पाय फरशीवर घट्ट दाबायचे, गार पाण्याचा तांब्या हातात धरायचा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची, श्वास सावकाश सोडायचा. सोबत डायरी ठेवायची. नुसती झटक्यांची संख्या नको, आधीचे काही तास लिहा: झोप, जागरण, उपास, भांडण, दुखणं, पाळी. ‘कसलंच टेन्शन नाही हो आम्हाला’ असं खूप जण म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. झटका निवांत बसलेला असतानाही येतो. काहींच्या मागं जुना आघात असतो, मारहाण किंवा लैंगिक छळ. सगळ्यांच्या नसतो, म्हणून घरच्यांनी उलटतपासणी घ्यायची नाही. मात्र सुनेला घेऊन सासू आणि नवरा दोघंही आत बसलेले असतील तर डॉक्टरांनी तिला एकटीला दहा मिनिटं द्यावीत, आणि दिली तर त्या दोघांनी बाहेर जायला कां-कू करू नये. घरात हिंसा असेल तर महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे. उदासीनता, धास्ती सोबत असेल तर त्यांची औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात.

झटका आला की गर्दी हटवा. कुशीवर वळवा, डोक्याखाली काही मऊ, आजूबाजूचं टोकदार सामान दूर. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल हुंगवणं, चिमटे काढणं, तोंडावर पाणी मारणं बंद. यानं फिट थांबत नाही आणि पेशंटला आतून सगळं ऐकू येत असेल तर अपमान तेवढा लक्षात राहतो. हळू आवाजात ‘मी इथंच आहे, जाईल हे’ एवढं पुरे. निदान पक्कं नसेल आणि झटका पाच मिनिटांवर गेला तर 108 बोलवा. निदान पक्कं असेल तर डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेऊन पेशंटच्या खिशात ठेवा. कारण इमर्जन्सीत लांबलेला फंक्शनल झटका पाहून जड इंजेक्शनं दिली जातात, कधी घशात नळी घालण्यापर्यंत पाळी येते. न थांबणाऱ्या फिटवरच्या औषधांची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. त्यात घेतलेल्यांपैकी सुमारे एक दशांश लोकांचे झटके नंतर फंक्शनल निघाले. तिथल्या मोठ्या रुग्णालयांत हे होतं तर आपल्या रात्रपाळीच्या डॉक्टरला दोष देण्यापेक्षा चिठ्ठी देणं बरं. विहीर, चूल, गच्ची, मोटरसायकल यांची काळजी झटके थांबेपर्यंत अपस्मारासारखीच घ्यायची.

देवऋषाकडं जाणाऱ्यांना मी हसत नाही. अंगारा लावून मन शांत होत असेल तर लावा. पण भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि आधीच घाबरलेल्या मेंदूला त्यातून आणखी झटकेच मिळतात.

कुठं जायचं? आधी न्यूरॉलॉजिस्ट, मग त्यांच्याच चिठ्ठीनं मानसोपचारतज्ज्ञ, आणि पहिल्यानं दुसऱ्याकडं पाठवल्यावरही स्वतःची पुढची तारीख द्यावी असा आग्रह धरा. नाहीतर पेशंटला हाकलून दिल्यासारखं वाटतं. 1956 साली सुरू झालेल्या इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे सगळा मराठवाडा ज्याला घाटी म्हणतो तिथं, मानसोपचार विभाग आहे; खासगी आणि धर्मादाय रुग्णालयांतही आहेत. व्हिडिओ ईईजी कोण करतं, झटका येईपर्यंत ठेवून घेतात का, हे निघण्याआधी फोनवर विचारा. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून कळेल. विमा असेल आणि कंपनी ‘मानसिक आजार’ म्हणून हात वर करत असेल तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 21 वं कलम दाखवा: शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला देणं बंधनकारक आहे. गावात समुपदेशक नसेल तर टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

पुन्हा एमआरआय कधी? झटक्यांचं रूप एकदम बदललं, झटक्यानंतर हात किंवा पाय कायम लुळा पडला, ताप आणि डोकेदुखी सोबत आली, डोक्याला मार लागला, किंवा पहिला स्कॅन एपिलेप्सी प्रोटोकॉलनं झालाच नव्हता, तर. नुसते झटके चालू आहेत म्हणून, किंवा मुंबईहून आलेले मामा म्हणतात म्हणून, पुन्हा मशीनमध्ये घालायची गरज नाही. त्या पैशात मानसोपचाराच्या बैठकांना यायचं-जायचं एसटीचं भाडं कितीतरी महिने निघेल.